ग्रामसभेत हात वर करण्याआधी : देवगडचा शनिवारचा वर्ग

यंदा उन्हाळ्याच्या अखेरीस देवगडला दर शनिवारी एक वर्ग भरत होता. विषय होता माणसाचं मन आणि लोकशाही. शिकवणाऱ्या बाई मूळच्या कुडाळकडच्या, कोल्हापूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तसंच लिहिते. मी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. घरची आंब्याची कलमं आहेत, आणि आंबापोळी, कोकम आगळ करून विकते. वर्ग संपल्यापासून बरीच माणसं विचारतात, ४०० रुपये भरून जाण्यासारखं आहे का? आहे, आणि का ते सविस्तर सांगते. काही गोष्टी मला पटल्या नाहीत, त्याही सांगते.

निवडून आल्यावर सदस्यांना प्रशिक्षण मिळतं. त्यात नमुने भरणं, निधीचे हिशोब, ठराव कसा लिहायचा, इतिवृत्त कसं ठेवायचं हे शिकवतात, आणि ते उपयोगीच आहे. पण सभेला येऊनही माणूस तोंड का उघडत नाही, चहाच्या टपरीवर एक बोलतो आणि सभेत उलट बाजूला हात का वर करतो, हे तिथे कुणी काढत नाही. हा वर्ग नेमका तिथूनच सुरू होतो.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सुंभाचे तुकडे आणले होते. एक भिंतीवर लावला, बाजूला वेगवेगळ्या लांबीचे तीन लावले, आणि विचारलं की यातला कुठला पहिल्याएवढा आहे? डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. पण आधी बोललेल्या चौघांनी एकामागून एक चुकीचा तुकडा दाखवला. पाचव्या खुर्चीवर एक मच्छीमार काका होते, तारामुंबरीकडचे. त्यांनी दोनदा भिंतीकडे पाहिलं आणि चौघांचंच उत्तर दिलं. मग मॅडमनी सांगितलं की त्या चौघांना आधीच पढवून ठेवलं होतं. काका म्हणाले, "माका दिसत होता, मॅडम. पण चार जणां सांगतत तर माझोच डोळो चुकलो असतलो." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. आपणही तेच केलं असतं हे सगळ्यांना कळलं होतं.

मूळ प्रयोग सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा, १९५१ सालचा, अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर केलेला. तिथे दोरीऐवजी कागदावरच्या रेघा होत्या. पढवलेली माणसं चुकीचं बोलत तेव्हा न पढवलेल्या मुलांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने गेली, आणि सुमारे तीन चतुर्थांश मुलं निदान एकदा तरी वाहून गेली. हे पुष्कळांना माहीत असतं. मॅडमनी मात्र जास्त वेळ दिला तो पुढच्या भागाला. त्या पढवलेल्यांत एकच माणूस खरं बोलणारा ठेवला, तर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण जवळपास ५ टक्क्यांवर येतं. बाकी सगळे तसेच विरोधात असतात, तरी एक सोबती मिळाला की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमची ग्रामसभा उभी राहिली. पुढे खुर्च्यांवर सरपंच, ग्रामसेवक, गावचे मानकरी आणि दोन मोठे बागायतदार. मागे सतरंजीवर बायका. हात वर करून मत घेतात. ज्याच्या बागेत उद्या सकाळी कामाला जायचंय तो समोर बसलेला असताना त्याच्या विरोधात हात कोण वर करणार? विधानसभेला आपण पडद्याआड जाऊन बटण दाबतो, कारण मत गुप्त असलं की कुणाचा धाक चालत नाही. गावात सगळं उघड्यावर. नियमाप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती सह्यांपुरती व्हायची. वर्गात हा प्रयोग पाहिल्यानंतर आम्ही महिला सभेतच ठरवायला लागलो की उद्या विषय कोण मांडणार, आणि तो मांडल्याबरोबर उठून "माझंही तेच म्हणणं आहे" असं कोण म्हणणार. वरच्या वाडीच्या विहिरीचा गाळ काढण्याचा विषय असाच मांडला. मांडणारी एकटी असती तर तिला "बघू" म्हणून बसवलं असतं. दुसरी उठली, मग तिसरी, आणि विषय इतिवृत्तात गेला. गाळ अजून निघायचा आहे, पण आता तो कागदावर आहे आणि विचारता येतो. माझे पैसे इथेच वसूल झाले.

दुसरा खेळ गटांचा होता. चिठ्ठ्या काढून आम्हाला पिवळे आणि हिरवे असं वाटलं, आणि प्रत्येकाला काजूबिया वाटायला दिल्या. स्वतःला काहीच घ्यायचं नव्हतं, फक्त दोन्ही गटांतल्या माणसांना द्यायच्या होत्या. थोड्याच वेळात पिवळे पिवळ्यांना जास्त देऊ लागले. हेन्री ताजफेलने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर हेच करून पाहिलं होतं. आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी अंतर वाढलं पाहिजे, असे पर्यायही त्या मुलांनी निवडले. ताजफेल पोलंडचा ज्यू होता. महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून तो वाचला, घरची माणसं वाचली नाहीत. त्याला हा प्रश्न का छळत असेल ते समजतं. आमच्याकडे वाड्या आहेत, भावक्या आहेत, गावकर आणि मुंबईकर चाकरमानी आहेत. मॅडमनी ते सगळं आम्हालाच बोलायला लावलं, आणि लोक बोललेही. फक्त जातीचं नाव कुणी घेतलं नाही. मॅडमनीही नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

अफवांचा दिवस मला सगळ्यात जास्त आवडला. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद नावाच्या भारतीय मानसशास्त्रज्ञाने लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ला त्यावर लेख लिहिला. जिथे जमीन हादरली पण घरं पडली नाहीत, माणसं गेली नाहीत, अशा भागात लोक सांगत होते की याहून मोठं संकट अमुक दिवशी येणार आहे. संकट टळलेल्या माणसाने आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? अमेरिकेत लिऑन फेस्टिंगरला हा लेख वाचून तोच प्रश्न पडला. त्याला असं वाटलं की ती माणसं आधीच घाबरलेली होती, आणि आपण एवढे घाबरलो ते योग्यच आहे असं वाटायला कारण शोधत होती. यातून त्याचा सिद्धांत तयार झाला आणि १९५७ला तो पुस्तकरूपाने आला. मनात जे आहे आणि समोर जे दिसतंय त्यांचा मेळ बसत नसला की माणूस अस्वस्थ होतो, आणि मेळ बसवण्यासाठी सोयीचं ते खरं मानतो, असं त्याचं म्हणणं. जगभर शिकवल्या जाणाऱ्या या सिद्धांताचं बीज आपल्याकडच्या माणसांच्या बोलण्यात होतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

मे २०२१चं तौक्ते आठवा. आमच्या किनाऱ्यावरून ते वर सरकलं, कलमं उन्मळली, पत्रे उडाले, वीज गेली. वीज आली, फोन चार्ज झाले, आणि ताबडतोब दुसरं वादळ येणार, याच्या दुप्पट येणार, असे मेसेज फिरू लागले. ते पाठवणारे लबाड नव्हते. माझ्या सख्ख्या नणंदेने मला पाठवला होता. मॅडम म्हणाल्या की अशा वेळी "हे खोटं आहे" एवढंच सांगून भागत नाही. भीती खरी आहे हे आधी मान्य करायचं, मग खात्रीची माहिती द्यायची, आणि ती ओळखीच्या माणसाने द्यायची. आमच्यासोबत एक आशाताई होत्या. त्या म्हणाल्या की कोविडच्या लशीच्या वेळी घरोघरी फिरून हेच केलं, फक्त त्याला शास्त्र आहे हे माहीत नव्हतं.

फोनवरचा भाग थोडक्यात उरकला, आणि तो तेवढाच पुरे होता. तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे १९७७ सालापासून प्रयोगांनी दाखवलेलं आहे. भारतात २०१८ला व्हॉट्सअ‍ॅपने एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, त्यामागे जमावाने केलेल्या हत्या होत्या. त्याच वर्षी केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणुकीच्या जाहिराती करणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. फेसबुकने स्वतःच सांगितलं की सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्या कंपनीकडे गेली असावी, आणि त्यात भारतातले साडेपाच लाखांहून जास्त लोक होते. स्वभावाची चाचणी म्हणून काही लोकांनी एक अ‍ॅप वापरलं, आणि त्यांच्या मित्रयादीतल्यांचीही माहिती गेली. मॅडमनी इथे प्रामाणिकपणे सांगितलं की त्या जाहिरातींनी किती मतं फिरली याचा ठोस पुरावा नाही. इतर वक्ते या जागी घाबरवून टाळ्या घेतात. त्यांनी तसं केलं नाही म्हणून त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

आता आंब्याकडे येते. एका दिवशी चर्चा सगळी आंब्यावरच झाली आणि मॅडमना ती आवरता आली नाही, ते बरंच झालं. १ मे २०१४पासून ब्रुसेल्सहून चालणाऱ्या युरोपीय संघाने भारतातला आंबा आणि चार भाज्या घ्यायचं बंद केलं. कारण फळमाशी. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. १ मे म्हणजे आमच्याकडे ऐन हंगाम. निर्यातीसाठी बाजूला काढलेल्या पेट्या वाशीला उतरल्या आणि दलालाने सांगितलेला भाव ऐकून घरातली माणसं जेवली नाहीत. माशी खरी होती, आणि प्रक्रिया सुधारल्यावर पुढच्या जानेवारीत बंदी उठवण्याचा निर्णयही झाला. पण निर्णय ज्यांनी घेतला त्यांना आम्ही कधी मत दिलं नव्हतं, आणि ज्यांना दिलं होतं त्यांच्या हातात तो निर्णय नव्हता. वर्गातले एक वयस्क बागायतदार म्हणाले, "ब्रुसेल्सात बसान ठरवतत, आणि हयसर आमी ग्रामसभेत हात वर करतंव. त्येचो उपेग काय?"

माझ्या मते सगळ्या वर्गातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. मॅडमनी उत्तरादाखल मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे १९६७चे प्रयोग सांगितले. कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना ते थांबवता येत होते, काहींना काही केल्या येत नव्हते. पुढे दोघांनाही सहज सुटता येईल अशा जागी ठेवलं, तर पहिले उडी मारून सुटले आणि दुसऱ्यांपैकी बरेचसे तसेच पडून राहिले. (हे ऐकताना दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या. प्रयोग क्रूर आहे, आणि मॅडमनीही तो गोड करून सांगितला नाही.) बरीच वर्षं याचा अर्थ असा लावला गेला की वारंवार हरलेला जीव हतबलता शिकतो. पण त्याच दोघांनी मेंदूवरच्या पुढच्या संशोधनानंतर २०१६ साली स्वतःचं म्हणणं उलटं केलं. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही जिवाची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की आपल्या कृतीने काही बदलतं.

पन्नास वर्षांनी आपलाच प्रसिद्ध निष्कर्ष मागे घेणारी माणसं मला फार मोठी वाटतात. आणि त्यांचं म्हणणं गावाला लावून पाहिलं तर खूप काही उलगडतं. "आमच्या लोकांना काही पडलेलीच नाही" असं आम्ही निवडून आलेले नेहमी म्हणतो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मूठभर माणसांत सगळं मंजूर होतं. लोक बिघडलेत असं आम्ही मानतो. खरं म्हणजे आपल्या येण्याने काही हलतं हा अनुभवच त्यांना कधी मिळालेला नाही. तो विहिरीच्या गाळापासून द्यावा लागेल. ब्रुसेल्सचं उत्तर यातून मिळत नाही, मॅडमनीही ते मिळतं असं म्हटलं नाही. पण जो माणूस स्वतःच्या पंचायतीत कधी प्रश्न विचारू शकला नाही, तो जिल्ह्याच्या, दिल्लीच्या, परदेशातल्या निर्णयावर संघटित होऊन काय विचारणार? बागायतदारांच्या संस्था उभ्या राहतात त्या अशाच माणसांतून, ज्यांना एकदा तरी आपलं म्हणणं लावून धरून यश आलेलं असतं.

जिथे माझं मॅडमशी जुळलं नाही तो भाग शेवटच्या दिवसाचा. त्यांनी सांगितलं की निकाल विरोधात गेला तरी आपलं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं असेल तर लोक तो निकाल जास्त सहज स्वीकारतात. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ला, आणि त्यांच्यानंतर टॉम टायलर वगैरेंनी हे न्यायालयं आणि पोलिसांच्या संदर्भात मांडलं. माझा अनुभवही हाच आहे. घरकुलाच्या यादीत नाव नसलेल्या बाईला अर्धा तास समोर बसवून कारण सांगितलं तर ती रागाने जात नाही. पण १९९०चा एक प्रयोगही त्यांनीच सांगितला. त्यात काही विद्यार्थ्यांना निर्णय होऊन गेल्यानंतर बोलू दिलं, तुमच्या बोलण्याने काही बदलणार नाही हेही सांगितलं, तरीसुद्धा अजिबात बोलू न दिलेल्यांपेक्षा त्यांना सगळं जास्त न्याय्य वाटलं. मॅडमनी हे "ऐकून घेण्याची ताकद" म्हणून सांगितलं. मला ते धोक्याचं वाटलं, आणि मी तसं उभी राहून म्हटलं.

कारण आपण कोकणात राहतो. मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते. पर्यावरण मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेत तिचे नियम आहेत : ३० दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, आणि सभा सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. सुनावणीत म्हणणं नोंदवलं जातं, निर्णय तिथे होत नाही. जैतापूरचा अणुप्रकल्प घ्या. १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण १०,३८० मेगावॅट, तंत्रज्ञान फ्रान्सचं, करार सरकार-सरकारमधले, आणि जमीन माडबन परिसराची. मी इथे प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात लिहीत नाही, आमच्या वर्गातही दोन्ही बाजूंची माणसं होती. माझं म्हणणं एवढंच की बोलू दिल्याने माणसाचं समाधान होतं हे जर शास्त्राने सिद्ध असेल, तर ते ज्ञान सुनावणी घेणाऱ्यांच्याही हातात आहे. बोलून मोकळं झालेलं गाव घरी जातं आणि कागद पुढे सरकतो. म्हणून या वर्गात त्याच दिवशी हेही शिकवायला हवं की आपलं म्हणणं लेखी कसं द्यायचं, पोच कशी घ्यायची, उत्तर आलं नाही तर कुठे जायचं. मॅडमनी ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, आणि म्हणाल्या की पुढच्या खेपेला एखाद्या वकिलांना बोलावता येईल. ते त्यांनी करावं.

दुसरी उणीव म्हणजे प्रयोग बहुतेक सगळे अमेरिका-युरोपातले, त्यातही कॉलेजच्या मुलांवरचे. अशा थोड्याशा समाजांवरून सगळ्या माणसांबद्दल बोलता येत नाही अशी टीका २०१०ला जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी केली होती, ती मॅडमनी सांगितली, पण दोन वाक्यांत. आमच्याकडे पाठीमागे बसण्याची सवय पिढ्यांची आहे. ती जातीने लावली, बाईपणाने लावली. पिवळ्या-हिरव्या चिठ्ठ्या वर्ग सुटल्यावर फेकून देता येतात. बौद्धवाडीतल्या माझ्या मैत्रिणीने परतताना हेच म्हटलं, आणि वर्गात हे बोलायला तिला कुणी सोबती मिळाला नाही. मी तिच्या शेजारी बसले होते. पुढच्या वेळी हा विषय मॅडमनी स्वतः काढला पाहिजे, कारण त्या काढतील तेव्हाच तो हॉलमध्ये येईल.

बाकी व्यवस्थेचं सांगते. पडद्यावरचा मजकूर सगळा इंग्रजीत होता. मॅडम बोलतात मालवणी-मराठी मिसळून, अगदी घरच्यासारखं, पण समोर लिहिलेलं वाचता येईना म्हणून अर्ध्या बायकांनी वह्या बंद केल्या. वाटलेल्या झेरॉक्स फिकट होत्या. वेळ चार ते सात, आणि किनाऱ्याच्या गावांकडची एसटी त्याआधी सुटते. त्यामुळे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना चर्चा रंगात येताना उठावं लागायचं, आणि त्या बहुतेक बायकाच होत्या. लोकशाहीच्या वर्गात हे आधी बघायला हवं होतं. दुपारी दोनला सुरू करा, सगळ्यांची सोय होईल. चहा चांगला होता, वीज गेली तरी मॅडम थांबल्या नाहीत, आणि कुणाही पक्षाचा प्रचार एका शब्दानेही झाला नाही. शेवटची गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण अनेकांनी तीच शंका विचारली होती.

तुम्ही सदस्य, सरपंच, बचत गटाच्या अध्यक्ष, सोसायटीचे संचालक, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर जा. एकट्याने जाऊ नका, गावातलं आणखी कुणीतरी घेऊन जा, म्हणजे परत आल्यावर सभेत दोघं असाल. कॉलेजच्या मुलांना परीक्षेसाठी यातून फारसं काही मिळणार नाही, पण अठरा पूर्ण होऊन पहिलं मत द्यायचं असेल तर जरूर बसावं. पुढचा वर्ग दिवाळीनंतर, कलमांना मोहोर येण्याआधी घेणार असं आयोजकांनी सांगितलं आहे. फी आगाऊ घेतात. महिला सदस्यांना अर्धी फी करावी अशी मागणी आम्ही सह्या करून दिली आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे.